चार कर्मचाऱ्यांची अट: महामारीनंतरचे फुकेट, तेथील परदेशी रहिवासी आणि सोलापूरचे टॉवेल

थायलंडमधील फुकेट बेटावर २०११ पासून राहणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका टॉवेल-व्यापाऱ्याचे हे प्रकरण आहे. महामारीत ओस पडलेल्या बेटावर पर्यटक परतू लागले तेव्हा तेथे कायम वास्तव्य असलेल्या परदेशी माणसांना त्याविषयी काय वाटले, हा प्रश्न बहुधा आवडीनिवडीचा समजला जातो. कोणाला शांतता प्रिय, कोणाला वर्दळ, एवढ्यावर चर्चा थांबते. या गृहस्थांशी २०२० ते २०२४ या काळात वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून माझे मत पालटत गेले. परदेशी रहिवाशाच्या पासपोर्टवर कोणत्या कारणाचा व्हिसा आहे हे कळले, की पर्यटनाबद्दलचे त्याचे मत बऱ्याच अंशी आधीच सांगता येते, असे मला आज वाटते. संबंधित गृहस्थ माझे शाळासोबती आहेत. त्यांचे व त्यांच्या पेढीचे नाव त्यांच्याच इच्छेवरून येथे दिलेले नाही.

पार्श्वभूमी

त्यांचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी, अशी त्या भागातल्या अनेक विणकर कुटुंबांची रीत आहे, तीच त्यांचीही. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत कुटुंबाचे यंत्रमाग असून ते थोरले बंधू सांभाळतात. थोरल्या बंधूंना सगळे अण्णा म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो. सोलापुरी चादरीप्रमाणे येथील टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही गावातल्या बहुतेक लोकांना चादर ठाऊक असते आणि टॉवेलचा मोठा व्यवहार मात्र कारखान्याच्या भिंतीआडच राहतो. हॉटेलच्या खोलीत घडी घालून ठेवलेला पांढरा टॉवेल कोणत्या गावात विणला गेला, याची चौकशी कोण करणार? धाकटे बंधू, म्हणजे माझे हे मित्र, फुकेटला प्रथम एका हॉटेलच्या खरेदी विभागात नोकरीला लागले. चार वर्षांनी त्यांनी थाई भागीदारासह स्वतःची पेढी काढली आणि अण्णांच्या मागावरचा माल तेथील लहान-मध्यम हॉटेलांना पुरवण्यास सुरुवात केली.

फुकेट हे थायलंडचे सर्वांत मोठे बेट अंदमान समुद्रात असून पुलांनी मुख्य भूमीशी जोडलेले आहे. एके काळी ते कथिलाच्या खाणींवर जगत होते. १९८५ मध्ये कथिलाचा जागतिक बाजार कोसळला, खाणी मागे पडल्या आणि समुद्रकिनाऱ्याने त्यांची जागा घेतली. म्हणजे एकाच धंद्यावर विसंबून राहण्याची सवय या बेटाला पर्यटनाने लावलेली नाही, ती जुनीच आहे. २०१९ मध्ये थायलंडमध्ये सुमारे ३ कोटी ९८ लाख परदेशी पर्यटक आले. त्यांतील फार मोठा वाटा फुकेटने पाहिला आणि बेटावरचा धोबी, नावाडी, टुकटुकवाला, फळविक्रेता असे सगळेच या ओघावर जगत होते.

या बेटावरच्या परदेशी रहिवाशांना एकाच मापाने मोजता येत नाही. थाई भाषेत गोऱ्या माणसाला ‘फरंग’ म्हणतात. आपल्या ‘फिरंगी’चे ते सख्खे भावंड असल्याने मराठी कानाला ते लगेच ओळखू येते. भारतीय, अरब आणि मलय माणसासाठी वेगळा शब्द आहे, ‘खॅक’, आणि त्याचा मूळ अर्थ पाहुणा असा आहे. आमचे हे मित्र दहा-बारा वर्षे तेथे कर भरत असूनही बोलीभाषेत पाहुणेच आहेत. त्यांना याचा राग नाही. सोलापुरात आमच्या घराण्याला येऊन शंभर वर्षे झाली तरी कोणी ना कोणी मूळ गाव विचारतोच, असे ते हसून सांगतात.

शब्दापेक्षा कागद अधिक महत्त्वाचा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीच्या कारणावर तेथे एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाथ ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बाथांचे उत्पन्न दाखवावे लागते, आणि अशा माणसाला तेथे नोकरी वा धंदा करण्यास मनाई असते. व्यवसायाच्या मार्गाने राहणाऱ्याची तऱ्हा वेगळी. बहुतेक व्यवसायांत परदेशी मालकी ४९ टक्क्यांपुरती मर्यादित असते. सर्वसाधारण नियमाप्रमाणे एका परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्यामागे कंपनीचे २० लाख बाथांचे भरणा झालेले भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. शिवाय त्या परदेशी माणसाचा किमान पगारही त्याच्या राष्ट्रीयत्वावरून ठरतो: युरोपीय असेल तर ५० हजार बाथ, भारतीय असेल तर ३५ हजार. धंदा चालो वा न चालो, स्वतःच्याच कंपनीकडून हा पगार कागदावर घ्यायचा आणि त्याचा कर भरायचा. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवणे तेवढे दोघांनाही सारखेच.

बंद बेट

चीनबाहेरचा कोरोनाचा पहिला रुग्ण १३ जानेवारी २०२० रोजी थायलंडमध्ये नोंदवला गेला. २६ मार्चला देशात आणीबाणी लागू झाली, एप्रिलच्या सुरुवातीला परदेशी प्रवासी विमाने थांबली, १० एप्रिलपासून फुकेटचा विमानतळही बंद झाला आणि काही काळ बेटातील एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यालाही मज्जाव होता. इकडे २५ मार्चपासून भारतभर टाळेबंदी होती. अण्णांच्या मागावर त्या वेळी एका हॉटेलची मागणी निम्मी विणून झाली होती. टॉवेलच्या काठात हॉटेलचे नाव विणलेले असल्याने हा माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, ही या धंद्यातली खरी अडचण आहे. साध्या पांढऱ्या टॉवेलला कधी ना कधी गिऱ्हाईक मिळते. नाव विणलेला टॉवेल मात्र त्या एकाच दाराची वाट पाहत राहतो. हे हॉटेल पुढे उघडलेच नाही. ते टॉवेल आजही अण्णांच्या कारखान्यात हात पुसायला वापरात आहेत आणि चहा पिताना त्यावर एका अनोळखी समुद्रकिनाऱ्याचे नाव वाचायला मिळते.

फुकेटच्या गोदामात तेव्हा काय चालले होते, ते या प्रकरणाचे मर्म आहे. चारपैकी दोन कर्मचाऱ्यांना कमी केले असते तर पगार वाचला असता, परंतु परवाना अडचणीत आला असता, आणि परवाना गेला की बेटावर राहण्याचा हक्कही गेला. म्हणून काम नसताना चारही जणांना निम्म्या पगारावर ठेवण्यात आले. त्यांना द्यायला काम असे नव्हतेच. पावसाळी दमट हवेत साठवलेल्या टेरीला कुबट वास धरतो, तेव्हा रोज गठ्ठे उघडायचे, टॉवेल पंख्याखाली पसरायचे, मोजायचे आणि पुन्हा बांधायचे, असा क्रम कित्येक महिने चालला. दर महिन्याला मालक स्वतःला न मिळालेला ३५ हजारांचा पगार कागदावर घेत होते आणि त्याचा कर सोलापूरहून मागवलेल्या पैशांतून भरत होते. परदेशी गेलेल्या मुलाने घरी पैसे पाठवावेत, ही आपल्याकडची अपेक्षा. येथे दीड वर्ष गंगा उलटी वाहत होती.

याच महिन्यांत बेटाच्या दक्षिणेकडील राव्हाय आणि नाय हार्नच्या परिसरातले, पेन्शनवर जगणारे त्यांचे युरोपीय शेजारी मात्र सुखात होते, असे म्हटले तर ते पूर्णपणे खोटे ठरणार नाही. किनारे काही काळ बंद होते. ते उघडल्यावर मात्र पाणी स्वच्छ, रस्ते मोकळे आणि घरभाडी उतरलेली होती. मोठ्या समुद्री कासवांनी फुकेट आणि आसपासच्या निर्जन किनाऱ्यांवर अंडी घातल्याच्या बातम्या आल्या आणि त्या खऱ्या होत्या. ‘तीस वर्षांपूर्वीचे फुकेट परत आले’ हे वाक्य आमच्या मित्रांनी त्या काळात इतक्यांदा ऐकले, की ते उच्चारणाऱ्याचा व्हिसा कोणता, हे ते पैज लावून सांगू लागले. त्याच गल्लीत, मे २०२० मध्ये, लोकांनी रस्त्याकडेला जाळीची कपाटे ठेवली होती. ज्याच्याकडे असेल त्याने त्यात तांदूळ, नूडल्स, अंडी ठेवायची आणि ज्याला हवे त्याने न विचारता न्यायची. थाई भाषेत त्यांना ‘तू पन सुक’ म्हणतात, म्हणजे सुख वाटून घेण्याचे कपाट. त्यातले ‘सुक’ हे आपलेच ‘सुख’ आहे. कपाटात सामान ठेवणाऱ्यांत हे पेन्शनर पुष्कळ होते, हे नोंदवणे न्यायाचे आहे. तरीही एकाच माणसाने सकाळी कपाटात तांदूळ ठेवावे आणि संध्याकाळी बेटाच्या निर्जनतेचे कौतुक करावे, यातली विसंगती त्यांच्यापैकी फार थोड्यांना जाणवली. मला त्यांच्या दानतीबद्दल शंका नाही. आपल्या शेजाऱ्याची भूक आणि आपला मोकळा किनारा एकाच कारणातून निर्माण झाले आहेत, हे पाहायचे त्यांनी टाळले, एवढेच.

उघडलेले बेट

१ जुलै २०२० हा आषाढी एकादशीचा दिवस. त्या वर्षी पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला आल्या आणि चंद्रभागेचे वाळवंट रिकामे राहिले. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, १ जुलै २०२१ रोजी, फुकेटने ‘सँडबॉक्स’ योजनेखाली लसीकरण झालेल्या परदेशी प्रवाशांना विलगीकरणाशिवाय प्रवेश दिला. बेटावरील ७० टक्के लोकांना लस देऊन मगच दार उघडायचे, अशी त्यामागची अट होती. पहिल्या दिवशी तत्कालीन पंतप्रधान प्रयुत चान-ओचा स्वतः बेटावर हजर होते. प्रवाशाने सरकारी आरोग्य-प्रमाणपत्र मिळवलेल्या हॉटेलात १४ रात्री राहायचे, या मुक्कामात स्वखर्चाने तीनदा चाचणी करायची आणि त्यानंतरच देशात इतरत्र जायचे, असा नियम होता. ही मुदत १ ऑक्टोबरपासून सात रात्रींवर आली.

पहिल्या महिन्यात सुमारे १४ हजार प्रवासी आले. २०१९ मध्ये देशात महिन्याला सरासरी ३३ लाख परदेशी येत होते, हे लक्षात घेतले की हा आकडा किती लहान होता ते कळते. वृत्तपत्रांनी याला पुनरागमन म्हटले. आमच्या मित्रांच्या गोदामातून त्या महिन्यात जो माल गेला तो जवळजवळ सगळा चाचणीचा निकाल येईपर्यंत पाहुण्यांना ठेवून घेणाऱ्या हॉटेलांत गेला, कारण तेथे प्रत्येक खोलीचे कापड वेगळे ठेवावे लागत होते. बेटावरच्या पाटाँग या वस्तीतले मद्यालयांचे प्रसिद्ध रस्ते अंधारातच होते. ऑगस्टच्या सुरुवातीला तर असे झाले, की अबुधाबीहून आलेला पर्यटक बेटावर मोकळा फिरत होता आणि शेजारच्या प्रांतातून नात्यातल्या माणसाला भेटायला निघालेल्या थाई नागरिकाला पुलावरून परत पाठवले जात होते. परदेशी रहिवाशांपैकी अनेकांना हे अन्यायाचे वाटले. आमच्या मित्रांनी मात्र त्या दिवसांत या विषयावर तोंड उघडले नाही, आणि का उघडले नाही ते त्यांनी मला पुढे सांगितले: ‘पाहुण्याने यजमानांच्या भांडणात पडू नये, आणि माल उचलला जात असताना तर नाहीच.’

त्या वर्षी ६ ऑक्टोबरला फुकेटचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव सुरू झाला आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, महाराष्ट्रातली मंदिरे उघडली. तिकडे पिवळ्या पताकांखाली शाकाहारी जेवणाच्या गाड्या लागल्या, इकडे सोलापूरच्या रूपाभवानी मंदिराच्या दारात पुन्हा रांग लागली, आणि दोन्ही भावांनी त्या रात्री फोनवर धंद्याचा विषय काढला नाही. अण्णा मला म्हणाले, की आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. पंढरपुरात वारी नसताना ‘गाव किती स्वच्छ वाटते’ असे म्हणणारे पगारदार त्यांनी पाहिले होते, आणि चुरमुरे, बुक्का, तुळशीच्या माळा विकणारे आषाढीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेलेही पाहिले होते. वारी पूर्ण स्वरूपात २०२२ मध्ये परतली. फुकेटमध्येही टप्पे असेच लांबत गेले: विषाणूच्या नव्या प्रकाराच्या (ओमिक्रॉनच्या) भीतीने डिसेंबर २०२१ मध्ये सँडबॉक्सखेरीज देशभरातल्या विलगीकरणाविना प्रवेशाच्या सवलती थांबल्या, फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाल्या, १ मे २०२२ पासून आल्यावरची सक्तीची चाचणी गेली आणि १ जुलै २०२२ पासून आगाऊ नोंदणीही गेली. भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने २७ मार्च २०२२ पासून सुरू झाली होती.

कोण परतले

येथून पुढे प्रकरण गुंतागुंतीचे होते. पर्यटक परतले की आपली घडी बसेल, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता, पण परतलेली गर्दी पूर्वीची नव्हती. चिनी गटसहली, ज्यांच्या जोरावर २०१९ पर्यंत मध्यम हॉटेले भरत होती, २०२२ मध्ये जवळजवळ नव्हत्याच. त्या देशाच्या सीमा २०२३ च्या जानेवारीपर्यंत बंद होत्या. युक्रेनमधील युद्धानंतर २०२२ च्या हिवाळ्यात रशियन मोठ्या संख्येने आले, त्यांतले पुष्कळ जण महिनोन्‌महिने राहिले आणि व्हिला व सदनिकांची भाडी चढली. जे पेन्शनर २०२० मध्ये उतरलेल्या भाड्यावर खूश होते त्यांच्यापैकी काहींना घर बदलावे लागले. आमच्या मित्रांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे, महिनोन्‌महिने राहणारा माणूस हॉटेलात राहत नाही. सदनिकेत राहणाऱ्याला रोज दोन स्वच्छ टॉवेल लागत नाहीत. बेटावर माणसे दिसत होती, आकडे वाढत होते, तरी गोदामातली मागणी त्या प्रमाणात वाढत नव्हती.

दुसरा फरक हॉटेलांच्या व्यवहारात झाला. बंद काळात होरपळलेल्या मालकांना कापडात पैसा अडकवून ठेवायचा नव्हता; मोठ्या लाँड्रीकडून धुतलेले टॉवेल भाड्याने घेण्याकडे त्यांचा कल वाढला. लाँड्री कापड विकत घेते ते मोठ्या प्रमाणावर, नाव न विणलेले आणि सर्वांत स्वस्त. त्याच सुमारास सुताचे भाव आणि कंटेनरचे भाडे या दोन्हींनी २०२१-२२ मध्ये सोलापूरच्या कारखानदाराची कंबर मोडली होती. दर चौरस मीटरला पाचशे ग्रॅम वजनाचा टॉवेल जुन्या भावात देणे अण्णांना शक्य नव्हते आणि हलके कापड विणून त्यावर आपला शिक्का मारणे त्यांना पटत नव्हते. या मुद्द्यावर दोघा भावांत पाच-सहा महिने अबोला होता. माझ्या मते धाकट्यांचा आग्रह व्यापाराच्या दृष्टीने बरोबर होता आणि अण्णांचा नकार कापडाच्या दृष्टीने; अखेर मध्यम वजनाचा, बिननावाचा टॉवेल विणायचे ठरले. चारपैकी एक कर्मचारी दरम्यान स्वतःहून सोडून गेला, तेव्हा परवान्यासाठी पाचव्या माणसाचा शोध घ्यावा लागला. पर्यटन परतल्यामुळे माणूस मिळेना, ही त्यातली गंमत. दीड वर्ष टॉवेल घड्या करणारी मुले आता दुप्पट पगारावर हॉटेलांत जात होती.

२०२२ मध्ये देशात १ कोटी ११ लाख, २०२३ मध्ये सुमारे २ कोटी ८० लाख आणि २०२४ मध्ये साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पर्यटक आले. जुन्या तक्रारी नव्या जोमाने उभ्या राहिल्या: कोंडलेले रस्ते, टुकटुकची भरमसाट भाडी, दिवसाला ७०० टन कचरा जाळणारी भट्टी असलेल्या बेटावर रोज निघणारा त्याहून कितीतरी अधिक कचरा. थाई नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या व्यवसायांत परदेशी माणसे चोरून काम करतात, हा आरोपही वाढला आणि तपासण्या कडक झाल्या. याचा परिणाम रीतसर कागदपत्रे असलेल्यांनाच आधी सोसावा लागला, कारण तपासायला कागद त्यांच्याकडेच होते. पेन्शनर मंडळी गर्दीला नावे ठेवत होती. आमचे मित्रही आता त्यांच्या सुरात सूर मिसळू लागले, हे मला अनपेक्षित होते. विचारले तेव्हा म्हणाले, की धंदा नीट चालू असता तर याच गर्दीला मी बरकत म्हटले असते. इतक्या प्रामाणिकपणे स्वतःच्या मताचे मूळ सांगणारा माणूस मला या सगळ्या काळात दुसरा भेटला नाही.

तिकीट खिडकी

१० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला. त्याच हिवाळ्यात अण्णा आणि वहिनी प्रथमच फुकेटला गेले. आठ वर्षे माल पाठवूनही त्यांनी ते गाव पाहिले नव्हते. पहिल्याच सकाळी अण्णांनी हॉटेलच्या तरणतलावाकाठचा टॉवेल उचलला, चिमटीत धरून पाहिला, काठ उलटा केला आणि घडी घालून परत ठेवला. काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी धाकट्यांनी सर्वांना जवळच्या फी फी बेटांकडे नेले. तेथील माया बे हा छोटा किनारा अतिगर्दीमुळे जून २०१८ मध्येच, म्हणजे महामारीच्या आधी, बंद करण्यात आला होता आणि १ जानेवारी २०२२ ला कडक मर्यादांसह उघडला. होड्या आता मागच्या बाजूला लागतात आणि दरवर्षी पावसाळ्यात किनारा पुन्हा विश्रांतीसाठी बंद ठेवतात. हा किनारा राष्ट्रीय उद्यानात असून त्याचे शुल्क परदेशी प्रौढाला ४०० बाथ आणि थाई माणसाला ४० बाथ असे होते. रहिवासी परदेशी माणसाने थाई वाहनचालक परवाना दाखवला तर कधीकधी खिडकीवरचा माणूस कमी दर लावतो. ते त्याच्या मर्जीवर असते. धाकट्यांनी परवाना पुढे केला आणि अस्खलित थाईत आपण बारा वर्षे फुकेटला राहतो, कर भरतो, चार माणसांना पगार देतो, असे सांगितले. खिडकीवरच्या मुलीने परवाना पाहिला, मागे उभ्या असलेल्या अण्णा-वहिनींकडे पाहिले आणि नम्रपणे हसून विचारले, ‘खॅक तीन जण ना?’ धाकट्यांनी बाराशे बाथ दिले आणि तीन तिकिटे घेतली.